रंगाचे डबे परत करा!

मंडळी, या वीकेंडला यवतमाळला घरी आलोय. बॅग ठेवायला गेलो तर जिन्याखाली रंगाचे दोन नवे डबे! म्हणजे यंदाही ती भिंत रंगणार. १९९८ साली बाबांनी पीएफ काढून हे घर बांधलं, तेव्हापासून दर दोन वर्षांनी हाच खेळ. पावसाळा सरेपर्यंत पोपडे, पांढरा खार, आईच्या पलंगामागे बुरशी. आईला दमा आहे. पेंटरभाऊंचं म्हणणं काय, तर "भितीले वल त येतेच ना भाऊ!"

का येते? मी सिव्हिलवाला नाही, पण बग स्क्रीनवर दिसला म्हणून कोणी स्क्रीनचा रंग बदलत नाही. पाणी बाहेरून येतंय आणि आपण आतून रंग फासतोय. उलट आतून न झिरपणारा रंग दिला की ओल कोंडते आणि आणखी वर चढते. खाली टाइल्स लावल्या तर टाइल्सच्या वरून डोकावते. शेजाऱ्यांकडे बघून घ्या!

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. सकाळी जोत्याला लागून पाहिलं, तर भिंत आणि माती यांच्यात माझी चार बोटं आरामात गेली. पहिला पाऊस याच फटीतून थेट पायाच्या भिंतीशी उतरणार. तिथे डांबराचा थर होता म्हणे, पण मातीच्या दरवर्षीच्या या हालचालीत तो कधीच सोलवटलाय. २८ वर्षांत कोणी एकदाही पाहिलेला नाही. रंगावर मात्र किती खर्च झाला ते विचारू नका (निम्मे पैसे मीच पाठवलेत. हो, मीही त्याच माळेतला मणी.)

खरं काम कंटाळवाणं आहे. उन्हाळ्यातच बाहेरून खणायचं, तेही एका वेळी मीटर-दीड मीटरच, आणि पायाच्या तळाखाली अजिबात नाही. भिंत घासून सुकवायची, भेगा बुजवायच्या, प्रायमर, मग डांबराचे दोन हात. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. परत भरताना काळी माती नको, मुरूम ठोकून भरा. पण नुसता मुरूम म्हणजे पाण्याची टाकीच, म्हणून वरून बाहेर उतार दिलेली काँक्रीटची पट्टी हवीच. ती आणि भिंत यांच्यातला सांधा सीलंटने भरायचा आणि दर मे महिन्यात तपासायचा, कारण तो पुन्हा उघडणारच. भिंतीलगतची आईची कर्दळही हलवावी लागेल. त्यावरून घरात युद्ध होणार आहे.

आता जाणकार म्हणतील, जोत्यात ओलरोधक थरच नसेल तर खालून चढणारी ओल याने थांबत नाही. मान्य. त्याला भिंतीत छिद्रं पाडून रसायन सोडतात, ते वेगळं काम. पण बाहेरचं पाणी तरी आधी अडवाल की नाही?

बाबांचं म्हणणं, "जमिनीखालचं कोणाला दिसतं?" तेच तर, बाबा! पाहुण्यांना दिसतो तो रंग, आणि आईच्या छातीत जाते ती बुरशी.

असो. सुट्टी मंगळवारपर्यंत वाढवली आहे. उद्या सकाळी आधी डबे परत करायचे, मग मिस्त्री शोधायचा.