शोरूमची गाडी कोणती?

ड्रॅग शर्यतीतला ‘स्टॉक’ गट म्हणजे कंपनीतून निघाल्या तशा, जुजबी फेरफार केलेल्या गाड्यांचा गट. पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा सरळ पट्टा आणि घड्याळ. अमेरिकेत १९५१ साली स्थापन झालेली एनएचआरए ही संस्था गाडीच्या वजनाला अश्वशक्तीने भागून तिचा वर्ग ठरवते. गोम इथेच आहे. अश्वशक्तीचा मूळ आकडा कंपनीच सांगते.

१९६८ साली फोर्डने ‘४२८ कोब्रा जेट’ इंजिनाची ताकद ३३५ अश्वशक्ती सांगितली. खरी ताकद बरीच जास्त होती. आकडा कमी, म्हणजे वर्ग सोपा. त्याच वर्षी पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतीत सुपर स्टॉक गट याच इंजिनाच्या मस्टँगने मारला. पुढे संस्थेने धावेच्या वेळेवरून आकडा वाढवायची पद्धत आणली. त्यावरही तोड निघाली. गाडी निशाणाजवळ आली की चालक पाय सैल सोडतो, वेळ मुद्दाम खराब येऊ देतो आणि आकडा जागेवरच राहतो.

दुसरी पळवाट संख्येची. २००८ मध्ये फोर्डने शर्यतीसाठीच्या कोब्रा जेट मस्टँग बनवल्या फक्त ५०. शेवरोलेने २०१२ मध्ये कोपो कॅमारो ६९. या गाड्यांना रस्त्यावरची नोंदणी मिळतच नाही, तरी गटाचं नाव ‘स्टॉक’. पुणे जिल्ह्यात नसरापूरला जाऊन गाडी घेणाऱ्या वेल्ह्याच्या तरुणाला हे पटणार नाही. जिला एमएच-१२ची पाटी लागू शकत नाही, ती शोरूमची गाडी कशी? कंपन्या आल्या की बक्षिसं येतात, गर्दी येते, हे खरं. पण घरच्या जुन्या गाडीवर रात्री जागवणारा स्पर्धक त्यात मागे पडतो.

भारतात टीव्हीएस १९९४ पासून ‘वन मेक’ शर्यती भरवते. सगळ्यांना त्याच कंपनीच्या सारख्या मोटारसायकली. तिथे कंपनीचा हात उघड दिसतो, म्हणून त्यात खोट नाही.

जुन्नर-आंबेगावच्या घाटात बैलगाड्याची बारी सुटते, तीही सेकंदांवरच मोजली जाते. गाडामालकाने सांगितलेली वेळ तिथे कुणी फळ्यावर लिहीत नाही. वेल्ह्याशेजारी मुळशीत अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तिथे किंवा आणखी कुठे स्टॉक गट भरवायचा, तर आयोजकांनी दोनच अटी घालाव्यात: गाडीला रस्त्याची नोंदणी हवी आणि ताकद मैदानावर, सगळ्यांसमोर मोजली जावी.