मे महिन्यातला लाल चेंडू

नायगावच्या एका ताईंनी आम्हाला विचारले, "कॅलेंडरवर निळ्या फुलांचा गोल झुपका पाहिला. खाली अगापँथस असे नाव होते. आमच्या चाळीच्या गॅलरीत येईल का?"

ताई, खरे सांगायचे तर येणार नाही. त्याला नाईलची लिली म्हणतात, पण ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. हिवाळ्यात चांगला गारवा मिळाल्याशिवाय ते नीट फुलत नाही. मुंबईची थंडी ती केवढी! पाने येतील, फुलाची वाट पाहत बसाल. घामाचा पैसा त्यात घालू नका.

त्याऐवजी आफ्रिकेचीच, पण आपल्या हवेला मानवलेली मे फ्लॉवर लावा. काही जण तिला फुटबॉल लिली म्हणतात. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास जमिनीतून दांडा वर येतो आणि त्यावर शंभरावर बारीक फुलांचा लाल चेंडू उमलतो. कंद विकत घ्यायलाच हवा असे नाही. जुन्या कुंडीत मूळ कंदाला पिल्ले फुटतात. शेजारणीकडे एक मागा.

आठ इंची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा पुरे. तांबडी माती, शेणखत आणि थोडी रेती मिसळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद असा लावा की मान मातीच्या वर डोकावेल. सकाळचे ऊन मिळाले तरी चालते. कोंब दिसला की पाणी सुरू करा. फूल आठवडाभर टिकते. ते सुकल्यावर झाड विसरू नका, कारण पावसाळाभर पाने जे कमावतात त्यावरच पुढचे फूल येते. कुंडीही दरवर्षी बदलू नका. दाटीत ती चांगली फुलते.

दिवाळीनंतर पाने पिवळी पडतात. पहिल्या वर्षी आम्हाला वाटले, झाड तहानले. रोज तांब्याभर पाणी ओतले आणि कंद कुजवला. झाड मेलेले नसते, झोपलेले असते. पाणी बंद करून डबा कोरड्या कोपऱ्यात ठेवा आणि घरात सर्वांना सांगा, नाहीतर रिकामा समजून कुणीतरी तो कचऱ्यात टाकील.

आता महत्त्वाचे. हा कंद विषारी आहे आणि दिसतो थेट कांद्यासारखा. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले, तेव्हापासून कितीतरी घरे हलली. हलवाहलवीत भांडी, कांदे-बटाटे, कुंड्या एकाच टेम्पोत जातात. झाडाला पाने असतील तर कुंडी तशीच न्या. झोपेत असेल तर कंद काढून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर ठळक लिहा : "विषारी, खायचे नाही." हे पुडके स्वयंपाकाच्या सामानात ठेवू नका, पोरांच्या हाती देऊ नका. कंद हाताळल्यावर साबणाने हात धुवा. चुकून कुणी खाल्लाच तर घरगुती उपाय करत न बसता, कंद सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

चाळीतली मोठी कुंडी नव्या घरात मावेलच असे नाही. पण एवढासा कंद पिशवीच्या कोपऱ्यातही मावतो. नव्या घराच्या खिडकीत मे महिन्यात तो फुलला की जुन्या गॅलरीतल्या शेजारणीला बोलवा आणि जाताना तिच्या हाती एक पिल्लू द्या. फूल आले की आम्हालाही कळवा.