रंग नवा, छत जुनंच

एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला गेला असाल, तर मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतच पडला असेल. शेवटी शेवटी भिंतीही रंगवल्या असतील. पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, 'झाडे लावा'. रंगवताना भिंतीला भेग दिसली होती? आपण काय करतो, पुट्टी भरतो आणि वर रंग मारतो.

सरकारचंही बरंचसं असंच चाललंय.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं. सात मुलं गेली. लगेच देशभर शाळांची तपासणी करा, असे आदेश निघाले. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत ऑगस्ट २०१७ मध्ये असंच छत पडून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला होता. म्हणजे धोका माहीत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. मग अडतं कुठे?

पैशाचा हिशोब बघा. 'समग्र शिक्षा' योजनेत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. त्यातून शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळतं, तेही पटसंख्येवर. ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. याच पैशात वीजबिल, खडू-कागद, स्वच्छता आणि इमारतीची किरकोळ दुरुस्तीही भागवायची. आता वीस मुलांच्या वाडीवरच्या शाळेचे गुरुजी दहा हजारांत काय काय करणार? पाऊस पट बघून पडत नाही. वीस पोरांच्या शाळेचं छतही तेवढंच गळतं, जेवढं दोनशेंच्या शाळेचं. छत गळतं म्हणून पालक मुलं काढून इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात, पट घसरतो, अनुदान आणखी आटतं. आणि मग 'पट नाही' म्हणून शाळाच बंद करायची चर्चा सुरू होते!

मोठ्या दुरुस्तीला वेगळा निधी असतो. समग्र शिक्षेतून मिळतो, जिल्हा नियोजन समितीकडूनही मिळतो. पण त्यासाठी प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता... इमारत पाडायचीच झाली तर आधी तिचं निर्लेखन हवं, म्हणजे ती वापरातून बाद झाल्याची कागदोपत्री मंजुरी. तोवर मोडकी खोली आवारात उभीच, आणि मधल्या सुट्टीत पोरं तिच्याच सावलीत खेळतात. त्यात २०२२ पासून कित्येक वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. 'आमच्या गावच्या शाळेचं काय झालं?' असं सभागृहात उठून विचारणारा सदस्यच नव्हता.

आणि खरं सांगू का, दुरुस्तीला ग्लॅमर नाही. नव्या इमारतीची फीत कापता येते, 'सुंदर शाळा' स्पर्धेत बक्षीस मिळतं. गच्चीवर वॉटरप्रूफिंग केल्याचा फोटो कोण छापणार? २०२२ साली आलेल्या पीएम श्री योजनेत देशभरातल्या साडेचौदा हजार शाळा घ्यायचं ठरलं, पाच वर्षांसाठी २७ हजार कोटींहून जास्त रक्कम ठेवली. चांगलंच आहे. पण निवडलेली शाळा चकचकीत आणि शेजारच्या वाडीवरची ताडपत्रीखाली, हे गणित मला तरी पटत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीनंतरच्या याचिकेवर, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं होतं. त्यात पटाची अट नव्हती.

यंदा शिबिराला जाल तेव्हा ब्रश हातात घेण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. शाळा विकास आराखडा मागा. शिक्षण हक्क कायद्याने तो शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. त्यात छताचा उल्लेख आहे का, प्रस्ताव गेलाय का, गेला असेल तर कुठल्या तारखेपासून कुणाच्या टेबलावर पडलाय, हे विचारा. सिव्हिलचं कुणी सोबत असेल तर त्याला भेग दाखवा. आणि तोवर पुट्टीचा डबा उघडू नका.