हाफिजच्या ओळीत 'ती' कोणी घातली?

फारशी प्रेमकाव्य इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्यांशी माझे भांडण आहे, आणि त्यात पहिला आरोपी मीच आहे. माझ्या एका कादंबरीत नायकाच्या पत्रात मी हाफिजच्या चार ओळी घातल्या होत्या. घेतल्या अर्थातच इंग्रजी पुस्तकातून; मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, मला फारशी कुठली यायला! पिपरी मेघेतल्या आमच्या शेजारच्या, फारशी शिकलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या वाचल्या आणि विचारले, "गुरुजी, यातली 'ती' कुठून आणलीत? मुळात तर नाही."

मी ओशाळलो. फारशीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द, 'ऊ'. क्रियापदालाही लिंग नाही. प्रिय व्यक्ती स्त्री की पुरुष, राजा की परमेश्वर, हे कवीला झाकून ठेवता येते, आणि निम्मी गोडी त्या झाकण्यातच असते. विल्यम जोन्सने १७७१ साली हाफिजची गझल इंग्रजीत नेली, तेव्हा शिराजच्या 'तुर्का'ची त्याने सरळ गोड कुमारिका करून टाकली! फिट्झजेराल्डने तर १८५७ साली मित्राला लिहिलेच होते की, या इराण्यांच्या बाबतीत हवी तेवढी मोकळीक घ्यायला मौज वाटते. १८५९ साली त्याचा खय्याम निघाला. आपल्या काळात कोलमन बार्क्सने फारशी येत नसताना जुन्या इंग्रजी भाषांतरांवरून रूमी नव्याने लिहिला. तोच रूमी आता गुलाबाच्या चित्रासह सकाळी आपल्या फोनवर येतो, मराठी होऊन.

कोणी म्हणेल, इंग्रजी नसती तर आम्हांला खय्याम भेटला असता का? अहो, भेटला होता! माधव जूलियन फर्ग्युसन महाविद्यालयात फारशी शिकवीत. १९२५ साली त्यांचा फारशी-मराठी कोश निघाला. १९२९ साली त्यांनी खय्यामच्या रुबाया मूळ फारशीवरून मराठीत आणल्या. फिट्झजेराल्डचीही त्यांना गोडी होती. पण त्याच्यावरून केलेली 'द्राक्षकन्या' १९३१ साली वेगळे पुस्तक म्हणून आली. दोन दारूंची एका बाटलीत भेसळ केली नाही. आजच्या प्रकाशकांकडे माझे मागणे एवढेच आहे : भाषांतर कशावरून केले, ते मुखपृष्ठावर छापा.

आणि मराठीला हे झाकणे जमत नाही, असेही कोणी सांगू नये. 'तू आलास' म्हटले की लिंग उघडे पडते, हे खरे. पण 'तू मला जाळलेस' यात कोण जाळते ते कळते का? 'जिवलग' हा शब्द दोघांनाही चालतो. ज्ञानेश्वरांनी पुरुष असून विरहिणीच्या तोंडून विठ्ठलाला आळवले, ते आपल्या आजीला कधी खटकले नाही. बाग, गुलाब, नाजूक, जखम हे फारशी शब्द तर माझ्या चौथीतल्या पोरांच्याही तोंडी आहेत. एवढी शेजारीण घरात असताना तिचा निरोप लंडनहून का मागवायचा?

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याची चिन्हे नाहीत. म्हणून घरच्या प्रतीत शाईने 'ती' खोडून 'जिवलग' लिहिले आणि शेजाऱ्यांना दाखवायला नेले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले.

"अर्थ आला, गुरुजी. पण ओळ लंगडते आहे. बसा, चहा घ्या, मूळ काढतो."