सामूचा काटा

मांडवगण फराट्यापासून दौंडापर्यंतच्या भीमेच्या मुलखात उसाची गाडी वजनकाट्यावर चढली, की शेतकरी आकड्यावरची नजर ढळू देत नाही, आणि त्या काट्याची मुदतीत सरकारी पडताळणी झालीच पाहिजे असा कायद्याचा दंडकही आहे. परंतु त्याच उसाखालची जमीन चोपण होत चालली आहे की काय, हे ज्या सामूमापकावरून समजते, त्याची खातरजमा अखेरची केव्हा झाली, असे माती-परीक्षणाचा अहवाल हाती घेताना कोणी विचारीत नाही, ह्याची मला मनापासून खंत वाटते.

वस्तुतः हे यंत्र काट्याहून कितीतरी नाजूक. पातळ काचेच्या फुग्यावर उत्पन्न होणारा विद्युद्दाब 25 अंश सेल्सिअस तपमानास सामूच्या एका एककामागे अवघा 59 मिलिव्होल्ट असतो, आणि काचेचा रोध कोट्यवधी ओहमांचा असल्यामुळे जोडणीवरची ओलसर धूळदेखील मापनात व्यत्यय आणते. त्यातच मातीच्या गढूळ मिश्रणाने संदर्भ-इलेक्ट्रोडचे सच्छिद्र तोंड बुजते, आतले पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आटते, काच जुनी होते, आणि आकडा निमूटपणे सरकू लागतो. समजा, सामू 7 ला यंत्र बिनचूक आहे, पण पुढे एककामागे 59 ऐवजी 50 च मिलिव्होल्ट मिळत आहेत, तर ज्या मातीचा सामू 8.7 आहे तिचा तो 8.4 दाखवील, आणि चोपणपणाची 8.5 ची मर्यादा ओलांडलेली जमीन दप्तरी निर्दोष ठरून ती सुधारण्यासाठी जिप्समाचा विचारच होणार नाही.

केंद्र सरकारने 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांत सामू आणि विद्युत वाहकता ह्या दोहोंचा समावेश आहे. तेव्हा यंत्रखरेदीच्या मंजुरीबरोबरच दरसाल नव्या इलेक्ट्रोडांची व ताज्या प्रमाणित द्रावणांची तरतूद व्हावी. आपल्या विम्लधर्मी मातीसाठी यंत्र 4 आणि 7 वर जुळवून न थांबता 9.18 च्या द्रावणावरही रोज जुळवावे, आणि हे द्रावण हवेतील कर्बवायू शोषून बिघडते म्हणून उघडी राहिलेली बाटली खुशाल टाकून द्यावी. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवण्याची सवयही मोडली पाहिजे. त्याला पोटॅशियम क्लोराइडचे द्रावणच मानवते. आणि अहवालात सामूच्या आकड्याशेजारी एक रकाना असावा : यंत्र कोणत्या तारखेस जुळवले, आणि त्या दिवशी 59 पैकी किती मिलिव्होल्ट मिळाले.