गिअरच नाही हो, आबा!

मराठी विभागासाठी लेख देशील का, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी आधी सरळ हात जोडले होते. नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, वर्गात मराठीत बोललं की दंड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. पण जे सांगायचं आहे ते घडलं मराठीत, आणि सांगायचंही आहे ते ज्यांच्या घरी इलेक्ट्रिक गाडी आली आहे किंवा येऊ घातली आहे त्यांना. म्हणून हा प्रयत्न.

गोष्ट २०२५ च्या दिवाळीतली. मामाची इलेक्ट्रिक कार, २०२१ मध्ये घेतलेली. मामा, मामी, आबा, मी आणि माझा धाकटा भाऊ असे आम्ही पाच जण पाचगणीला गेलो होतो. हॉटेलवर चार्जिंगची सोय होती, तेही फुकट! मामाने रात्रभर गाडी लावून ठेवली. सकाळी शंभर टक्के. "टाकी फुल्ल!" म्हणून स्वारी खूश. आणि आम्ही पसरणी घाट उतरायला लागलो.

एरवी मामा ब्रेकला फारसा पायच लावत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप हळू होते. मोटरच जनरेटर होते आणि वीज परत बॅटरीत जाते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. पण बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज ठेवायची कुठे? भरलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखंच ते. डॅशबोर्डवर तसा मेसेज आलाही होता, पण वाचतो कोण! गाडी पळायला लागली, आणि मामा वळणावळणाला साधा ब्रेक दाबत राहिला.

निम्मा घाट उतरल्यावर तो म्हणाला, "पॅडल जरा मऊ लागतंय." दोन वळणांनंतर त्याचा आवाजच बदलला. पॅडल जवळजवळ खाली टेकत होतं. मागच्या सीटवर आबा. आयुष्यभर एस.टी. चालवलेला माणूस. ते ओरडले, "अरे, ब्रेकवर काय बसलायस? दुसरा गिअर टाक!"

"गिअरच नाही हो, आबा!"

त्यानंतर गाडीत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. मामाने भराभर पॅडल पंप केलं, थोडा जोर मिळाला, हँडब्रेकचं बटण ओढून धरलं आणि गाडी डोंगराच्या बाजूला गटाराला घासून उभी केली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते पसरणी घाट पाहिलेल्यांना सांगायला नको. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. आबा खाली उतरून दगडावर बसले. कोणी काही बोलत नव्हतं. पाऊण तासाने पॅडल पुन्हा कडक झालं, जणू काही झालंच नव्हतं! तरी मामाने गाडी हलवली नाही. वाईहून एक मेकॅनिक आला, त्याने बॉनेट उघडून टाकीत टेस्टरचं पेन बुडवलं. लाल दिवा. "ब्रेक ऑइल गेलंय साहेब. चहासारखं झालंय. पण याला बूस्टर इलेक्ट्रिक आहे, कंपनीच्या स्कॅनरशिवाय मी एअर काढणार नाही." प्रामाणिक माणूस. गाडी टोइंगच्या गाडीवर चढली.

घरी आल्यावर मी जुनी बिलं काढली. चार वर्षांत चार सर्व्हिसिंग. प्रत्येक बिलावर एक ओळ : ब्रेक फ्लुइड – ओके. बदललं एकदाही नव्हतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलं होतं : दर दोन वर्षांनी बदला. ते पुस्तक मामाच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होतं!

आता थोडं इंजिनिअरिंग. (तीन वर्षं फी भरली आहे, तेवढं तर यायला हवं!)

पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट गाडी १८०० किलो धरा. एम-जी-एच केलं तर सुमारे ९७ लाख ज्यूल येतात, म्हणजे पावणेतीन युनिट वीज. त्यातली थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची बॅटरीने घेतली नाही तर ती उष्णता होऊन चार चाकांच्या ब्रेकमध्येच जाणार, दुसरा रस्ताच नाही. पेट्रोल गाडीत ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. चढताना जो गिअर तोच उतरताना, हा आबांचा नियम. इलेक्ट्रिक गाडीत ते काम रीजन करतं. आणि फुल्ल बॅटरीवर नेमकं तेच सुट्टीवर असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ते 'ब्रेक ऑइल'. आपल्याकडे सगळे ऑइलच म्हणतात, पण ते तेल नाहीच. डॉट-३, डॉट-४ ही ग्लायकॉल जातीची द्रव्यं आहेत, आणि ती हवेतली ओल शोषून घेतात. ताजं डॉट-४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आपला पावसाळा चार महिन्यांचा, म्हणजे बघा! घाटात ब्रेक तापले, आत वाफेचे बुडबुडे झाले, आणि बुडबुडा दाबला जातो. अकरावीतला पास्कलचा नियम तिथेच संपतो. पाय दाबतोय तो वाफ, पॅड नव्हे. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पॅडल कडक. म्हणूनच हा रोग गॅरेजमध्ये सापडत नाही, घाटातच सापडतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये चाकं काढली तेव्हा आणखी एक गंमत दिसली. मागच्या डिस्कवर गंज, आणि एका कॅलिपरची पिन जाम. कारण काय? ब्रेक कमी वापरला म्हणून! पेट्रोल गाडीत पॅड रोज घासून डिस्क साफ ठेवतात. इलेक्ट्रिक गाडीत रीजनमुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, हे खरं. पण न वापरलेली वस्तू गंजते, हेही तितकंच खरं. फोक्सवॅगनने आपल्या आयडी-३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे चक्क ड्रम ब्रेक दिले, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. पण बंद ड्रमच्या आत गंज कमी चढतो, हे त्यामागचं साधं कारण आहे. तेव्हा रिकामा सरळ रस्ता आणि मागे कोणी नसताना आठवड्यातून दोन-चार वेळा खरा ब्रेक नीट दाबावा. वर्षातून एकदा पिना काढून साफ करून ग्रीस लावून घ्यावं, आणि कोकणात राहत असाल तर नक्कीच.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. 'इलेक्ट्रिक गाडीला मेंटेनन्सच नाही' हे वाक्य मामाला शोरूममध्ये ऐकवलं गेलं, मामाने आम्हाला ऐकवलं, आम्ही सोसायटीत ऐकवलं. माझं मत असं की हे वाक्य बंद व्हायला पाहिजे. कारण ते पूर्ण खोटं नाही, अर्धं खरं आहे. पूर्ण खोटं लवकर पकडलं जातं हो! इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच प्लेट नाही, सगळं कबूल. खर्चही कमी. पण 'कमी' आणि 'नाही' यांत जे अंतर आहे, त्यात आम्ही पाच जण बसलो होतो.

मग काय काय उरतं? ब्रेक झाला. दुसरं कुलंट. ज्या गाड्यांची बॅटरी पाण्याने, म्हणजे लिक्विडने गार होते, त्यांत कुलंटची बाटली असते. लेव्हल कमी दिसली की आपल्याकडे लगेच नळाचं पाणी! कृपा करून असं करू नका. पाण्यातल्या क्षारांमुळे आत थर बसतो, गंज येतो आणि द्रवातून वीज वाहण्याची क्षमता वाढते. काही कंपन्या त्यासाठी मुद्दाम वीज कमी वाहणारं वेगळं कुलंट वापरतात. हिरवं, गुलाबी, निळं असा रंग बघूनही टाकायचं नसतं, पुस्तकात लिहिलेलंच टाकायचं. आणि लेव्हल सारखी कमी होत असेल तर ओतत बसू नका, गळती शोधा. तिसरं, मोटरजवळच्या गिअरबॉक्सचं ऑइल. रिडक्शन गिअर असतोच, त्याचंही बदलण्याचं किंवा तपासण्याचं वेळापत्रक पुस्तकात असतं.

चौथी बॅटरी. पण कोणती? गाडीत दोन असतात, हे मलाही आधी माहीत नव्हतं. माझ्या परीक्षेच्या काळात आमच्या शेजारच्या काकांची गाडी महिनाभर उभी होती. पोटात भरपूर वीज असून गाडी ढिम्म! दारसुद्धा रिमोटने उघडेना. कारण मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर चालतात ते साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती झोपली की हत्ती बसला. तीन वर्षं झाली की ही छोटी बॅटरी दर सर्व्हिसिंगला टेस्टरवर तपासून घ्या.

मोठ्या बॅटरीबद्दल व्हॉट्सॲपवर सल्ल्यांचा पूर आहे. 'कायम ८० टक्केच भरा' किंवा 'कायम १०० भरा'. दोन्ही अर्धवट! एन.एम.सी. जातीची असेल तर रोजच्या वापराला ८० बरं. एल.एफ.पी. जातीची असेल तर अनेक कंपन्या मधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात, कारण त्याशिवाय गाडीला आपला आकडा नीट कळत नाही. तेव्हा आधी आपली बॅटरी कोणती ते विचारा. भर उन्हाळ्यात १०० टक्के भरून उन्हात गाडी ठेवून देणं दोघींनाही वाईट. आणि डोंगरावर मुक्काम असेल तर ८०-८५ वर थांबवा. थोडं घाट भरून देतो, फुकट! एकच सावधगिरी : बॉनेटखालच्या नारिंगी केबल्सना हात लावायचा नाही. ते काम शिकलेल्या माणसाचं.

आपल्याकडे हे ज्ञान नवीन आहे असंही नाही. बेंगळुरूची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यात लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या आणि त्यांत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर टाकावं लागायचं. मालकांना ते माहीत होतं. तंत्रज्ञान सुधारलं आणि आपलं लक्ष गेलं!

दोष कोणाला द्यायचा? विकणाऱ्याने गाडीची चावी देताना फोटोबरोबर पाच मिनिटं घाट आणि ब्रेक ऑइलबद्दलही बोलावं. सर्व्हिस सेंटरने बिलावर 'ओके' लिहू नये, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ती तारीख आणि पाण्याचं प्रमाण लिहावं. मालकाने पुस्तकाचं सील फोडावं.

आणि आपण? २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला. माझ्या व्हायवात मात्र पहिला प्रश्न कार्ब्युरेटरवरच होता. तो शिकवू नका असं मी म्हणत नाही. पण एक प्रॅक्टिकल ब्रेक ऑइलमधलं पाणी मोजण्याचं ठेवायला खर्च किती? आणि वाईचा तो मेकॅनिक, ज्याला रोग दोन मिनिटांत कळला पण स्कॅनर नव्हता, त्याच्यासारख्यांसाठी आपल्याच वर्कशॉपमध्ये रविवारचा वर्ग का नको? घाटात आपल्याला कंपनी भेटत नाही, तोच भेटतो.

ब्रेक ऑइल बदलायला मामाला दीड हजाराच्या आत खर्च आला. टोइंगला त्याच्या कितीतरी पट गेला. आबा आता त्या गाडीत पुढेच बसतात, आणि घाट आला की विचारतात, "किती टक्के भरलीय रे?"

तुम्हीही विचारा. आजच!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल