जयपत्र आणि गुणपत्रक

शालान्त परीक्षेत ‘उत्तीर्ण’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्या बीदर-कलबुर्गी भागातील पालकाने आज कोणाला विचारावा? शेकडा ३५ गुण हा अनेक वर्षांचा दंडक. २०२४ साली परीक्षा होऊन गेल्यावर पात्रतेची मर्यादा ३५ वरून २५ वर आणली गेली आणि कन्नडमध्ये ज्यांना ‘कृपांक’ म्हणतात ते वाढीव गुण शेकडा २० पर्यंत देण्यात आले. २०२५ साली ही कृपा मागे घेतली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा नियम जाहीर झाला, की २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ६२५ पैकी २०६, म्हणजे एकूण शेकडा ३३ गुण आणि प्रत्येक विषयात शेकडा ३० गुण पुरेत. एका घरातील तीन भावंडे तीन लागोपाठच्या वर्षी परीक्षेस बसली, तर तिघांना तीन निराळ्या मापांनी मोजले जाणार. दुकानदाराने वजने अशी बदलली असती, तर त्याच्यावर खटला भरला असता.

आम्ही पेशाने वकील असल्यामुळे आम्हांला गुणपत्रक पाहिले की जयपत्राची आठवण होते. प्राचीन व्यवहारशास्त्रात वाद जिंकणाऱ्यास राजसभेकडून जे पत्र मिळे, ते जयपत्र. त्यात केवळ ‘अमुक जिंकला’ एवढेच लिहून भागत नसे. वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय या सर्वांचा त्यात उल्लेख हवा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत विज्ञानेश्वरांनी व्यवहाराचे चार पाद सांगितले ते हेच : भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धी. विज्ञानेश्वर हे चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणचे. ते कल्याण म्हणजेच आपल्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ज्या मातीत पुराव्यावाचून निर्णय नाही असे लिहिले गेले, त्याच मातीतील मुलांच्या हाती आज पुरावा गाळलेले जयपत्र पडण्याची वेळ आली आहे.

आणि जयपत्राच्या हव्यासाची कथा तर आपल्या घरोघर पारायणात वाचली जाते. विदुरानगरीच्या यवन राजाकडून सन्मान घेऊन निघालेले दोन मदोन्मत्त ब्राह्मण गावोगाव म्हणत, आमच्याशी वाद करा, नाही तर जयपत्र लिहून द्या. गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींपुढे तीच मागणी झाली, तेव्हा श्रींनी समाजाने दूर ठेवलेल्या एका मनुष्याच्या मुखातून वेद वदवले आणि त्या दोघांचा मद उतरवला. आम्ही ही कथा ऐकतो, डोळ्यांना पाणी आणतो आणि मुलाच्या निकालाच्या दिवशी मात्र त्या दोन ब्राह्मणांच्याच रांगेत जाऊन उभे राहतो. विद्या राहो बाजूला, जयपत्र तेवढे मिळो!

आता आकडे पाहावे. २०२१ साली महामारीमुळे परीक्षा दोन दिवसांत, पर्यायी उत्तरांतून निवड करण्याच्या पद्धतीने झाली आणि साडेआठ लाखांहून अधिक मुलांतून अवघा एक विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरला. २०२४ साली परीक्षाकेंद्रांवर कॅमेऱ्यांची थेट देखरेख आली, आणि एवढे कृपांक वाटूनही राज्याचा निकाल शेकडा ७३.४० वर थांबला. २०२५ साली कृपा काढून घेताच तो ६२.३४ वर आला. त्या वर्षी दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ घेऊन पहिला. आमचा कलबुर्गी ४२.४३ घेऊन शेवटचा. बीदरही खालच्याच फळीत. या मासिकाचे कोंकणी वाचक बहुधा किनाऱ्यावरचे आणि मराठी वाचक पठारावरचे. एकाच मासिकाच्या दोन अर्ध्या वाचकवर्गांत शेकडा ४९ गुणांची दरी पडली आहे.

ही दरी बुद्धीची आहे काय? भालकीहून सकाळची एसटी धरली तर मनुष्य दुपारच्या आत उदगिरास पोहोचतो. १९५६ पूर्वी ही दोन्ही गावे एकाच बीदर जिल्ह्यात होती. त्याच २०२५ साली महाराष्ट्र राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० लागला. नोव्हेंबर १९५६ मध्ये नकाशावर ओढलेल्या रेषेने मुलांच्या मेंदूत फरक पाडला असे कोणी शहाणा म्हणणार नाही. महाराष्ट्राचा आकडा सोळा आणे खरा, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की टक्केवारी ही जितकी मुलांची असते तितकीच ती नियम करणाऱ्यांची असते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर नसेल, घरात कोणी शिकलेले नसेल, तर त्या मुलीला नापास करून तुम्ही कोणता न्याय करता? दोन-चार गुणांची दया दाखवली तर तिचे लग्न लांबेल, ती पुढे शिकेल. इतर मंडळांतही ३३ चाच दंडक आहे, मग आमच्याच मुलांवर ही सक्ती का? आक्षेपात वजन आहे. म्हणूनच २०२४ पासून वर्षात तीन वेळा परीक्षा देण्याची आणि त्यांतील सरस गुण धरण्याची जी सोय झाली, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ती खरी दया आहे, कारण ती मुलीला पुन्हा उभे करते. कृपांकाची दया निराळी. ती शिक्षक देत नाही. शिक्षक नव्हता ही गोष्ट झाकते. मुलगी अकरावीच्या विज्ञानवर्गात जाऊन बसते तेव्हा ती कृपा तिच्याबरोबर येत नाही. तिथे ती एकटीच अडखळते, आणि दोष तिचाच ठरतो.

अंतर्गत मूल्यमापनाचेही तसेच. ६२५ पैकी १२५ गुण शाळेच्या हाती. केवळ एकूण बेरजेची अट पाहिली, तर ज्यास शाळेने ते सगळे गुण दिले, त्यास २०६ गाठण्यास लेखी परीक्षेच्या ५०० पैकी ८१ पुरतात. शिक्षकांच्या सचोटीवर आम्ही शंका घेत नाही. परंतु ज्या शाळेची प्रतिष्ठा निकालावर अवलंबून, तिच्याच हाती निकालाचा पाचवा हिस्सा द्यावा, हे स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायासनावर बसण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, गुणांचे नियम सरकारचे. आपण अल्पसंख्य भाषिक काय करणार? इतिहास निराळे सांगतो. १९८२ साली गोकाक समितीच्या शिफारशीनंतर माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा ठरवणारा आदेश निघाला. भाषिक अल्पसंख्य न्यायालयात गेले, आणि १९८९ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती सक्ती रद्द केली. कन्नडशी आमचे वैर नाही. ती आमच्या शेजारघरची भाषा, आणि मुलांनी ती उत्तम शिकावी. पण नियमाला प्रश्न विचारता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले. २०११ साली तर सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकारही मान्य केला. तो अधिकार आपल्यातील किती पालक वापरतात?

म्हणून आमच्या मागण्या चार. उत्तीर्णतेचा नियम शाळा उघडण्यापूर्वी जाहीर व्हावा आणि आठवीत आलेले मूल दहावी होईपर्यंत तो बदलू नये. कृपांक दिलेच तर ते गुणपत्रकावर वेगळ्या रकान्यात लिहावे. अंतर्गत गुणांची काही प्रकरणे दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकांकडून फेरतपासावी. आणि निकालाबरोबर प्रत्येक तालुक्यातील रिकाम्या शिक्षकपदांचा आकडाही छापावा, म्हणजे नापास कोण झाले ते लोकांस कळेल.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, देवस्थानांच्या पंचांकडे आहे. उत्सवाच्या खर्चातून थोडा निधी बाजूला काढून गरीब मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवण्याचे शुल्क भरावे, आणि परीक्षेपूर्वीचे तीन महिने सभामंडपातील दिवे रात्री दहापर्यंत गणित आणि इंग्रजीसाठी जळू द्यावे. शिकलेल्या मंडळींनी आळीपाळीने येऊन बसावे, आम्हीही बसू.

गाणगापुरात त्या दोघांना जयपत्र मिळाले नाही. ज्याला कोणी कधी शिकवले नव्हते, त्याच्या मुखात मात्र श्रींनी विद्या घातली. कृपा म्हणतात ती हीच. पादुकांपुढे डोके ठेवताना मुलाच्या गुणांत भर मागायची की ज्ञानात, हे यंदा प्रत्येकाने ठरवून जावे.